पांढऱ्यावर दिसत नाही

प्रज्ञाचे बाबा, उद्या तुमचं पुण्यानुमोदन आहे. विहारासमोर मांडव पडला, खुर्च्या आल्या, आणि सकाळीच मंडळाची पोरं दारात येऊन विचारून गेली, "काकू, तुमी दोन शब्द बोलसान का?" मी हो म्हटलं. म्हटलं खरं, पण बोलायचं काय? तुमचा चुलतभाऊ बोलणार आहे, सरपंच बोलणार आहेत, आणि ते काय बोलणार ते मला आत्ताच पाठ आहे. शांत होते, मनमिळाऊ होते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. फलकावर तर छापूनच आणलंय, 'अल्पशा आजाराने'. अल्पशा! प्रज्ञा पोटात होती तेव्हापासूनचा आजार, आता तिचं लग्न ठरलं, आणि म्हणे अल्पशा. पोरांवर ओरडणार होते, पण त्यांना तरी काय माहीत? आपण माहीत होऊ दिलं तर ना.

म्हणून आधी तुमच्याशी बोलून घेते. लिहायला बसलं की अंगणवाडीच्या बाईची शाळेतली भाषा हाताला येते, त्याला माझा इलाज नाही. तुम्ही समोर खाटेवर बसलेले असते तर पहिला शब्द आपल्याच बोलीतला निघाला असता. काहून? काहून केलं असं?

पहिला चट्टा तुमच्या डाव्या कोपरावर उठला होता. नाण्याएवढा, लालभडक, वर पांढरी खपली. मी म्हटलं गजकर्ण असेल, तुम्ही म्हटलं चक्कीचा पट्टा घासला असेल. पुढच्या हिवाळ्यात तो गुडघ्यावर गेला, मग पाठीवर, मग डोक्यात. आपली चक्की तेव्हा जोरात होती. अर्ध्या गावाचं दळण आपल्याकडे यायचं. आणि चक्कीवाल्या माणसाचं एक बरं असतं, तो डोक्यापासून पायापर्यंत पांढराच असतो. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. त्यात पीठ कोणतं आणि तुमच्या अंगाचा कोंडा कोणता, कोण ओळखणार? मी काळजी करायला लागले की तुम्ही हसायचे. "चक्कीवाल्याच्या अंगाले कोंडा नाही तं काय गुलाल राहीन?" आणि वर म्हणायचे, "पांढऱ्यावर दिसत नाही, तू भिऊ नको."

दिसलं ते चैतात. लाईन गेली होती, आत भट्टी झालेली, म्हणून तुम्ही सदरा काढून मागच्या दारात वाऱ्याला उभे राहिलात. नेमकी तेव्हा कमलाबाई ज्वारीचा डबा घेऊन आली. तिनं तुमची पाठ पाहिली. "अव माय!" एवढंच म्हणाली आणि डबा उचलून चालती झाली. तोंडावर कोणी काही बोललं नाही. एक शब्द नाही. फक्त दळण यायचं बंद झालं. बाया डोक्यावर डबे घेऊन आपल्या दारावरून जायच्या, वेशीकडच्या दुसऱ्या चक्कीवर, आणि जाताना मला विचारायच्या, "काय भाजी केली ओ बाई?" मागून कानावर यायचं की चक्कीवाल्याला महारोग आहे, त्याच्या अंगाचं पिठात पडते. तुम्ही रोज सकाळी जाऊन चक्की झाडायचे, पट्टा तपासायचे, आणि दुपारपर्यंत रिकामे बसून घरी यायचे. शेवटी मशीन काढून दिली. पट्टा तेवढा अजून ओसरीच्या खुंटीला आहे.

तेव्हापासून तुम्ही शेतीत पडलात आणि एक गोष्ट मनात पक्की बांधून घेतली, की लोकांना समजलं की घर बसते. मी किती वाद घातला. मी म्हणायचे, लपवलं म्हणून त्यांनी हवं ते नाव ठेवलं, आधीच सांगितलं असतं की बाई हे सोरायसिस आहे, लागट नाही, तर दोन घरं तुटली असती, दहा राहिली असती. तुम्ही म्हणायचे, "तुह्यी अंगणवाडी नाही हे." हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. आता तुम्ही मधेच उठून गेलात आणि माझं बोलणं अर्धं राहिलं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तर तुमच्यासमोर सांगितलं होतं. त्यांनी तुमचा हात आपल्या उघड्या हातात घेतला, चट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, हे एकाचं दुसऱ्याला होत नाही, एका ताटात जेवा, एका अंथरुणात झोपा. मला वाटलं सुटलो. घरी आल्यावर पाहते तर तुम्ही तुमचं ताट वेगळं ठेवलेलं, तांब्या वेगळा, टॉवेल न्हाणीच्या बाहेर वेगळ्या खिळ्याला. मी विचारलं, डॉक्टर काय बोलले ते ऐकलं नाही का? तुम्ही म्हणालात, "डॉक्टरले काय जाते बोलाले? त्याले थोडीच अठी राहाचं हाय." मला इतका राग आला की मी खिळ्यावरचा तो टॉवेल घेतला आणि तुमच्यासमोर खसाखसा तोंड पुसलं. "घ्या, झालं मले. आता काय करता?" तुम्ही खुळ्यासारखे पाहत राहिलात, आणि मग तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. टॉवेल तरी दुसऱ्या दिवशी परत त्याच खिळ्याला.

प्रज्ञाचं तर मला अजून सहन होत नाही. चार वर्षांची असताना ती तुमच्या पाठीवर बसून खपल्या काढायची, तिला तो खेळ वाटायचा. तुम्हाला समजलं तेव्हा तिला असं झटकलंत की ती भिंतीवर जाऊन आदळली. त्यानंतर तिला कधी कडेवर घेतलं नाही. डोक्यावरून हात फिरवायचा असला तर आधी खांद्यावरचा दुपट्टा हातावर घ्यायचा, मग हात. बारावीत पहिली आली तेव्हासुद्धा दुपट्ट्यातूनच. पोरगी मोठी होईपर्यंत बापाच्या तळहाताला ओळखत नव्हती.

लोकांना वाटतं चामडीचा आजार म्हणजे खाज सुटते, बस. घरात काय चालतं ते कोणाला माहीत? सकाळी तुम्ही उठलात की मी आधी अंथरूण झाडायची. फुलाफुलांच्या फिक्या चादरी मी मुद्दाम घ्यायची. तरी उचलली की ओंजळभर निघायचं. मग खाटेखाली, मग ओसरी, मग चुलीच्या कडेला जिथं तुम्ही शेकत बसायचे. पाहुणे यायचे असले की पुन्हा एकदा. उशांना खोबरेल तेल, दाराला तेलाच्या हाताचे डाग, आणि त्या मलमाचा डांबरासारखा वास, जो भाकरीलासुद्धा लागल्यासारखा वाटायचा. हिवाळ्यात टाचा फुटायच्या. तुम्ही पायाच्या कडांवर चालायचे आणि मोज्यातलं रक्त मला दिसू नये म्हणून मोजे स्वतः धुवायचे. जसं काही मला मोजे वाळत घालताना दिसणार नव्हते! वैशाखात सारा गाव उघड्या अंगानं हिंडत असताना तुम्ही मनगटापर्यंत बटणं लावून बसलेले. आणि खाजेचं तर काय सांगू. खाटेच्या दोरीवर पाठ घासल्याचा तो खरखर आवाज. आत भाकरी थापताना ऐकू आला की माझा हात थांबायचा.

वांगं बंद केलं, आंबट बंद केलं, कोणी सांगितलं म्हणून महिनाभर मीठ बंद केलं. कोण तो पाहुणा काळा काढा घेऊन आला होता, त्यानं तुम्हाला असे जुलाब लागले की मी त्याची बाटली उकिरड्यावर फोडली.

न्हाव्यानं एकदा तुमचं डोकं पाहून म्हटलं, "भाऊ, कंगवा घरून आणत जा." तुम्ही अर्धे केस कापलेले तसेच उठून आलात. त्या दिवसापासून तुमचा न्हावी मीच. अंगणवाडीतली कागद कापायची कैची होती, तिनं पहिल्यांदा कापले तेव्हा एक बाजू उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती. प्रज्ञा हसून हसून लोळली. तुम्ही आरशात पाहून म्हणालात, "बरं हाय. लोकं आता डोक्याकडं पाहतीन, खांद्याकडं नाही पाहणार." नंतर मला चांगला हात बसला. तुमचं डोकं मांडीशी घेऊन, तेल लावून, खपल्या मऊ करून, हळूहळू कापायचे. त्या वेळी तुम्ही डोळे मिटून बसायचे आणि हात लावू नको असं एकदाही म्हणायचे नाहीत. माझ्या संसारातलं माझं काय, असं कोणी विचारलं तर मी ते सांगेन.

आणि खांदे. घराबाहेर पडताना तुम्ही उंबऱ्यात थांबायचे आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. मी हातातलं काम टाकून यायची आणि तुमचे खांदे झटकायची. आधी डावा, मग उजवा, मग कॉलरच्या आतून. पाठीवर एक थाप मारली की समजायचं झालं, मग तुम्ही निघायचे. भांडण झालेलं असलं तरी थांबायचे. मी तणतणत यायची आणि झटकायची. विहारात जायचं असलं तर मात्र थांबायचे नाहीत, कारण त्या दिवशी पांढरा सदरा, पांढरा पायजमा. पौर्णिमेच्या वंदनेला तुम्ही चार लोकांत मोकळे बसायचे, हसायचे, कोणाच्या पाठीवर हातसुद्धा टाकायचे. मला त्या दिवशी तुमचं लग्नातलं तोंड दिसायचं.

असं सगळं चाललंच होतं. मरत नव्हतात तुम्ही त्यानं. त्यानं कोणी मरत नाही असं डॉक्टरच म्हणाले होते.

मग केनवडचं स्थळ आलं. अमोल चांगला पोरगा, वाशिमला नोकरी, घरचे लोक साधे. पाहायला आले त्या दिवशी तुम्ही गोठ्याच्या मागं जाऊन बसलात, आणि मला सांगायला लावलं की ते बाहेरगावी गेलेत. बाहेर उन्हात बाप बसलेला आणि आत मी त्याच्या पोरीच्या पाहुण्यांना पोहे वाढते आहे! पाहुणे गेल्यावर मी फटकारलं, म्हटलं उद्या साक्षगंध होईल, परवा लग्न, किती दिवस बाहेरगावी राहसान? सांगून टाका. आहे तर आहे म्हणा. तुम्ही म्हणालात, "चक्की गेली. आता पोट्टीचं लग्न जाऊ द्यू का?" आणि माझा हात धरलात, दुपट्टा न घेता, उघड्या हातानं. "शपथ हाय तुले. त्यायले सांगशीन तं माह्यं मेलेलं तोंड पाहशीन."

मी नाही सांगितलं. पाहिलंच की तरी.

साक्षगंधाला तुम्ही पांढऱ्यात आलात आणि सगळं नीट पार पडलं. अमोलचे वडील, आपले इवाई, तुमच्या शेजारी बसून सोयाबीनच्या भावावर बोलले, तुमच्या जोडीला जेवले. शेवटी इहीणबाईंनी ताटात आहेर आणून तुमच्या हातात ठेवला, लग्नात घालायला कोट. गडद निळा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी म्हणालं वा, आपला रंग. तुम्ही हसून घेतलात, पण मी तुमचं तोंड पाहिलं होतं. घरी आल्यावर तुम्ही तो अंगात घातला, बटण लावलं, आरशासमोर उभे राहिलात आणि डोक्यावरून एकदा हात फिरवलात. दोन्ही खांदे पांढरे झाले. मी सवयीनं झटकायला पुढे आले तर तुम्ही हात आडवा केलात. "आता नको. अंग साफ झालं की एकदाच झटकू." तसाच काढला, तसाच पिशवीत घालून कपाटात टांगला.

डॉक्टरांची ती बारीक पिवळी गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची होती. एकदाच, रोज नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं होतं. आपण तिचा दिवस शेलूबाजारच्या आठवडी बाजारावर बांधला होता. पिशवी घेऊन निघायच्या आधी मी गोळी द्यायची, तुम्ही पाण्यासोबत घ्यायचे, मग खांदे झटकायचे. साक्षगंधानंतर तुम्ही म्हणालात, "तुह्यामागं लग्नाची धावपळ हाय, गोळीचं मी पाहून घेतो." मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, एवढं तरी स्वतःचं पाहायला लागले.

अन् मग तुमचं अंग निवळायला लागलं. बाप्पा, काय दिवस होते ते! आधी पाठ, मग पोटऱ्या. कोपर साफ झालं तेव्हा तुम्ही ते घेऊन थेट चुलीपाशी आलात. "पाह्य. हात लावून पाह्य." मी पिठाच्या हातानंच लावून पाहिलं, मऊ, प्रज्ञाच्या लहानपणच्या गालासारखं. तुम्ही कपाटातून अर्ध्या बाह्यांचा सदरा काढला, जो मी कोणत्या जमान्यात घेतला होता आणि तुम्ही एकदाही घातला नव्हता, आणि तो घालून भर बाजारातून हिंडून आलात. ओसरीतली खाट तुम्ही आत आणली. सकाळी चादर उचलली तर खाली काहीच पडलं नाही, मी दोनदा झटकून पाहिली. आणि प्रज्ञा कपडे शिवायला टाकून आली तेव्हा तिच्या डोक्यावर तुम्ही हात ठेवलात, उघडा. ती चमकली. मग तशीच उभी राहिली, हात काढेपर्यंत. मला वाटलं आपला वनवास संपला. इतकी सुखी मी लग्न झाल्यापासून नव्हते. मला काय ठाऊक की ते विषाचं सुख आहे.

तोंड आलं तेव्हा आपण म्हटलं उष्णता असेल. तुम्हाला भाकर चावेना, दुधात कुस्करून दिली. मग गिळवेना. मग ताप, अंगावर लाल-निळे ठिपके, हिरड्यांतून रक्त. अकोल्याला नेलं तर त्याच डॉक्टरांनी विचारलं, गोळी कशी घेत होते? तुम्हाला नीट बोलता येत नव्हतं. तुम्ही हातानं सांगितलंत, रोज. एक सकाळी, एक संध्याकाळी. कारंज्याला जाऊन, कुठल्याशा दुकानात जुनं पाकीट दाखवून आणत होतात. डॉक्टर खुर्चीत मागं टेकले.

रोज काहून, असं मी तुमच्या कानाशी विचारलं. तुम्ही फुटलेल्या ओठांनी जे बोललात ते मला आत्ताही ऐकू येते. "जाडं दळण... दोनदा टाकाच लागते ना."

अहो, ती चक्की नव्हती! माणसाच्या अंगाचं दळण होते का? जाडं आलं की दगड घट्ट करायचा, तेच पुन्हा वरून टाकायचं, बारीक होईपर्यंत टाकत राहायचं, एवढंच तुम्हाला आयुष्यात ठाऊक. एका शब्दानं विचारायचं तरी. बायको घरात बसलेली आहे, साऱ्या गावाच्या लेकरांना गोळ्या मोजून देणारी, तिला विचारायचं तरी. लोक मला म्हणतात, मनाला लावून घेऊ नको, तुझी काही चूक नाही. मी लावून घेतच नाही. मला राग आलाय. तुमचा आलाय.

तुम्हाला घरी आणलं तेव्हा आंघोळ घालायला पुरुष जमले. तुमचं अंग स्वच्छ होतं, एक चट्टा नव्हता, तरी चौघं जण मागं मागं सरत होते. कोणी म्हणे पाणी आणतो, कोणी म्हणे साबण पाहतो. तेवढ्यात अमोल आला. केनवडहून मोटरसायकलवर धुळीनं माखून. त्यानं कोणाला विचारलं नाही, बाह्या वर केल्या, तुमच्याशेजारी बसला आणि उघड्या हातानं तुमची पाठ धुतली. सावकाश, दाबून नाही. ज्या जागी चट्टे असायचे त्या जागी तर अगदीच हलक्या हातानं. मी दारातून पाहत होते, आणि त्या रडण्यातही माझ्या मनात आलं, याला त्या जागा कशा माहीत?

परवा इहीणबाई पुन्हा भेटायला आल्या. लग्नाचं बोलायला मी घाबरत होते. त्यांनीच माझा हात हातात घेतला. "बाई, लग्न होईन. साध्यानं करू, पण होईन. तुमी त्याची चिंता करू नका." मग मला राहवलं नाही. म्हटलं, शपथ घालणारा माणूसच गेला, आता कसली शपथ. मी म्हटलं, "इहीणबाई, तुमाले एक सांगाचं राह्यलं. यायले चामडीचा आजार होता."

त्या म्हणाल्या, "माहीत हाय ना आमाले."

मी विचारलं, कधीपासून?

"पयल्यापासून. प्रज्ञानं अमोलले फोनवर सांगतलं होतं, पाहून गेलो त्याच आठवड्यात. त्यानं आमाले सांगतलं. आमी म्हटलं, त्यात काय हाय? माणूस चांगला हाय. तुमीच बोलले नाही, म्हून आमीबी बोललो नाही. कायले त्यायच्या जिवाले लावाचं."

प्रज्ञा कोपऱ्यात बसली होती. मी तिच्याकडे वळले तर ती खाली मान घालून म्हणाली, "शपथ बाबानं तुले घातली होती, मले नाही." बरोबर आहे तिचं. तुमच्यासमोर बोलायची तिचीही हिंमत झाली नाही, एवढंच. सारे तुम्हाला जपत होते, प्रज्ञाचे बाबा. तुम्ही त्यांच्यापासून लपवत होतात आणि ते तुमच्यापासून.

मी विचारलं, "मंग तो निळा कोट काहून देला ओ?"

इहीणबाईंचा चेहरा एकदम पडला. दुकानात अमोल म्हणाला होता, बदामी घेऊ, फिक्का, बाबांना बरं पडेल. त्यांनीच त्याला थांबवलं होतं. "म्या म्हटलं, फिक्का देला तं त्यायले वाटन का आपल्याले समजलं. साऱ्या इवायायले निळाच देतात, तं यायलेबी निळाच देऊ. त्यायचा मान राह्यला पाह्यजे."

मान. तेवढं बोलून त्या रडायला लागल्या. गोळ्यांचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, ते तेव्हाही मी सांगितलं नाही. काय सांगू? बाई, तुम्ही जपायला गेलात? मी उठले आणि चहा टाकला. साखर दोनदा पडली, तरी सगळ्यांनी पिऊन घेतला.

तेव्हापासून मला तुमच्यावर नीट रागावताही येत नाही. रागावते आणि मधेच तुमचं ते कोपर आठवतं, पीठ लागलेलं. ज्यांच्यासाठी तुम्ही अंग जाळलंत त्यांना तुम्ही आहात तसेच चालत होतात. मला चालत होतात. टॉवेलनं तोंड पुसून दाखवलं, आणखी कसं सांगायचं होतं? पण एक खरं सांगते. तुमच्यासारखा नवरा पुन्हा मिळाला, खपल्यांसकट, तर मी पुन्हा फिक्या चादरी घेईन. हे जिवंतपणी बोलायला हवं होतं. आपल्याकडे बोलत नाहीत.

आत्ता कपाट उघडलं होतं. उद्या फोटोशेजारी काय ठेवायचं ते प्रज्ञा विचारत होती. तुमचा पांढरा सदरा ठेवू म्हणाली, धुतलेला, इस्त्रीचा. मी म्हटलं नाही, कोट काढ. तिनं पिशवीतून काढला. खांद्यांवर ते सगळं अजून तसंच आहे, डाव्यावर जास्त. कॉलरच्या आतसुद्धा आहे. पोरीचा हात सवयीनं झटकायला गेला, माझ्याच पोटची ना ती. मी तिचा हात धरला.

उद्या तो कोट फोटोशेजारच्या खुर्चीवर घालून ठेवणार आहे, सगळ्यांना दिसेल असा. कमलाबाई येईल, सरपंच येतील, इवाई येतील. मंडळाच्या पोरांनी माझं नाव पुकारलं की मी उठेन आणि त्या आजाराचं नाव घेईन, मोठ्यानं. तो लागट नव्हता हे सांगेन, आणि त्यानं तुम्ही गेला नाहीत, हेही सांगेन. उंबऱ्यात पाठ करून उभे राहू नका, प्रज्ञाचे बाबा. मी उद्या झटकणार नाही. निळ्यावर दिसतं. दिसू द्या.